२५ हजार देऊ नका, आधी कागदावरची किंमत बघा

अमळनेरवाले भाऊ, तुमच्या लहान भावाला जळगावात १,८०० च्या बुटांसाठी धरलं आणि आता दुकानवाले २५ हजार अन् माफीनामा द्या नाहीतर पोलिसात देतो म्हणताय, हे वाचून राहवलं नाही. माझ्या भाचीचं असंच झालं. मी वकील नाही, भोगलेलं सांगतोय, कागद वकिलाला दाखवाच.

भाचीजवळ एक क्रीम निघालं होतं. मॅनेजरने तिला मागच्या खोलीत बसवून ठेवलं, घरी फोन करू दिला नाही, "सही कर, सोडतो" म्हणून सही घेतली आणि रकमेची जागा कोरी. मग स्टॉकमध्ये कमी पडलेला सगळा माल तिच्या नावावर टाकला, आकडा ५,००० च्या वर गेला, आणि तिथेच पोरीचं वाटोळं झालं. कारण १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ मध्ये ५,००० च्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी आणि माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची, गुन्हा अदखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत) अन् जामीनपात्र (जामीन हक्काने मिळतो). वर गेलं की दखलपात्र, अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद. कधी ३०५ पण लावतात, माल ठेवायच्या इमारतीतली चोरी म्हणून, त्यात ७ वर्षांपर्यंत.

म्हणून बुटांचं लेबल, किंमत यांचा फोटो ठेवा, पंचनाम्यात तीच किंमत आली का बघा. दंड करायचा अधिकार कोर्टाला, दुकानाला नाही. पैसे द्या नाहीतर पोलिस, ही माझ्या मते सरळ खंडणी, तरी वकिलाला विचारा.

बिल करायचं खरंच राहून गेलं असेल तर लबाडीचा हेतू नव्हता हाच बचाव, त्यासाठी कापलेली क्लिप नाही, पूर्ण सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज आजच द्या, जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं. घेतलेच असतील तर कहाणी रचू नका, बूट परत करून पावती घ्या. ३०३ मध्ये मालकाशी तडजोड होते, पण ती वकिलाला घेऊन रीतसर करा, मागच्या खोलीत नाही.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, उत्पन्न कमी असेल किंवा माणूस कोठडीत असेल तर वकील फुकट मिळतो, बायांना तर उत्पन्नाची अटच नाही. भाचीला तिथूनच मिळाला. आणि भावाला घरात टोचून बोलू नका, आमची पोर कॉलेजला जायला तयार नव्हती.