बूट चावतायत म्हणून लगेच नवे घ्यायचे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सेलमध्ये ऑनलाइन घेतलेले स्की टूरिंगचे (स्की घालूनच बर्फाचा डोंगर चढायचा आणि घसरत उतरायचं, त्याचे) बूट चावतायत, चढताना टाचेला फोड येतात, उतरताना अंगठे पुढे आपटून नखं काळी पडलीत, म्हणून आता एक साइझ मोठं आणि तेही हलकं कार्बनवालं टॉप मॉडेल ईएमआयवर घ्यायचं चाललंय. माझं मत विचाराल तर आत्ता नका घेऊ.

आधी एक फुकटातलं काम करा. लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, बाहेर काढा, पातळ मोजा घालून पाय रिकाम्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात टाका, बोटं पुढे जेमतेम टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. एक ते दोन सेंटिमीटर असेल तर साइझ साधारण ठीक, त्याहून बरीच जास्त असेल तर बूट मोठा आहे. आणि तुमच्या तक्रारी वाचून मला तरी तो मोठाच वाटतोय, टाच आत वर-खाली होते म्हणून फोड आणि उतरताना पाय पुढे सरकतो म्हणून नखं. अजून मोठा घेतलात तर हेच दुखणं व्याजासकट विकत घ्याल!

मोठाच निघाला तर त्यात वर पैसे ओतू नका, शेल लहान करून मिळत नाही. दिले ते पैसे गेले, आता विकून किती येतील एवढंच बघायचं, आणि सीझनच्या तोंडावर गिऱ्हाईक पटकन मिळतं. साइझ बरोबर असून नुसती रुंदी किंवा घोटा टोचत असेल तर मात्र नवे बूट कशाला? बूटफिटर, म्हणजे बूट पायाला बसवून देणारा कारागीर, लायनर गरम करून पायाच्या आकाराचा करतो, जिथे टोचतं तिथे शेल गरम करून ताणतो, चांगला फूटबेड (तळव्याला आधार देणारा इनसोल) बसवतो, नव्या जोडापुढे हा खर्च किरकोळच. प्लास्टिकचा शेल असा ताणता येतो, कार्बन नाही, त्यामुळे पाय जरा अवघड असेल तर सगळ्यात महाग मॉडेल हीच सगळ्यात मोठी रिस्क. अर्ध्या साइझचंही फार मनावर घेऊ नका, बहुतेक ब्रँडमध्ये शेल तोच असतो, लायनर नाहीतर इनसोल बदलतो.

अजून एक खर्च कुणी धरत नाही, तो बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीचा. बूट बदलला की सोलची लांबी बहुतेकदा बदलते (बुटावर मिलिमीटरमध्ये छापलेली असते), फरक थोडा असेल तर बाइंडिंग ॲडजस्ट होतं, जास्त असेल तर स्कीला नवी भोकं पाडावी लागतात, ते बजेटमध्ये आधीच धरा.

पैशाचं म्हणाल तर इमर्जन्सी फंडाला हात नको आणि ईएमआय तर नकोच, छंदाच्या वस्तूवर व्याज कशाला भरायचं, दर महिन्याला वेगळे टाका आणि तोवर भाड्याने घ्या. सीझनला मोजकेच दिवस जात असाल तर कायमच भाड्याचे परवडतील, शिवाय वेगवेगळे शेल घालून पाय कशात बसतो ते कळतं, ही माहिती कुठल्याही डिस्काउंटपेक्षा महाग आहे.

घ्यायची वेळ आली की संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि वीसेक मिनिटं तरी घालून फिरा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकीशी लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरली पाहिजेत. आणि लायनर गरम करायच्या आधी रिटर्नचं विचारून घ्या, बरीच दुकानं त्यानंतर बूट परत घेत नाहीत.