प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

खोलीत आल्या आल्या त्याने विचारलं, "टॉयलेट कुठे आहे?" मग दाराजवळची खुर्ची धरली. आतड्याच्या आजाराची माणसं बहुधा तिथेच बसतात, म्हणून ती मी मुद्दाम रिकामी ठेवते. वय 26, दोन वर्षांपूर्वी क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या दीर्घकालीन आजाराचं निदान, सोबत आई. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

पोटाच्या डॉक्टरांनी त्याला समजावण्यासाठी माझ्याकडे पाठवलं होतं. दर दोन आठवड्यांनी घ्यायचं ॲडालिमुमॅबचं इंजेक्शन त्याने सलग दोनदा चुकवलं होतं. आईंनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर. "मॅडम, ही मी रोज देते. आणि ते इंजेक्शन प्रतिकारशक्ती कमी करतं म्हणे. मग आम्ही करायचं तरी काय?"

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि तो वेडगळ मुळीच नाही. आजारी माणसाला ताकद हवी, हे ऐकतच आपण मोठे झालो. गडबड अशी, की या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती थांबायचं नाव घेत नसते.

सैनिक आणि शत्रूची उपमा मी टाळते. ती ऐकून पेशंट स्वतःच्याच पोटाचा राग करायला लागतो. त्याऐवजी कागदावर आतड्याची भिंत काढली. एका बाजूला अब्जावधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला रोगप्रतिकारक पेशी. एरवी दोघं शेजारी सुखाने नांदतात, कारण त्यांच्यातल्याच नियामक टी पेशी बाकीच्या रोगप्रतिकारक पेशींना आवरून धरतात. क्रोन्समध्ये हे आवरणं तोकडं पडतं. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि टी पेशी टीएनएफसारखी रसायनं सोडतात. ही रसायनं म्हणजे हाका. हाकेसरशी रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात. त्यांचं काम जिवाणू मारायचं, पण त्या झटापटीत भिंतीलाही जखमा होतात. जखमांतून जिवाणू आत झिरपले, की पुन्हा हाका.

"पण मला तर आता बरं वाटतंय," तो म्हणाला.

फाइलीत आठवड्यापूर्वीचा शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट होता. कॅलप्रोटेक्टिन 1,100. साधारण 50 च्या आत असावं लागतं. हे प्रथिन मुख्यतः न्यूट्रोफिलमधून येतं. म्हणजे पोट गप्प होतं, तरी हाका चालूच होत्या. त्या आकड्यावर त्याने बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

इंजेक्शन टीएनएफची हाक अडवतं, सगळी प्रतिकारशक्ती पुसून टाकत नाही. धोका नाहीच, असं मात्र मी म्हटलं नाही. खोटा धीर पेशंट लगेच ओळखतो. जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, सुप्त क्षयरोग डोकं वर काढू शकतो. म्हणून तर सुरू करण्याआधी क्षयरोगाची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झाली होती. ताप आला की वाट न बघता फोन करायचा, कुठलीही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. आणि औषध असं सोडलं-धरलं, तर शरीर त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी तयार करू शकतं. मग तेच औषध लागू पडेनासं होतं. हे त्याला आधी सांगितलं असेलही. निदानाच्या दिवशी माणूस ऐकतो कुठे?

आई इतका वेळ डब्याचं झाकण फिरवत होत्या. "माझ्याच हातून काही चुकलं का हो?" या आजाराशी जोडलेल्या जनुकीय जागा 200 हून जास्त सापडल्यात, आणि नुसत्या जनुकांनीही तो होत नाही. एका आईच्या माथी तो मारता येत नाही, एवढंच मी म्हटलं. त्या रडल्या. रडू दिलं. पावडरीबद्दल निकाल देणं माझं काम नव्हे. घटकांच्या यादीचा फोटो डॉक्टरांना पाठवायला सांगितला.

निघताना तो दारात थांबला. "मॅडम, फ्रिजमधून काढल्यावर किती वेळ बाहेर ठेवायचं असतं? थंडगार टोचलं की फार झोंबतं."

ते नर्सना विचार, म्हटलं, आणि दोन डोस चुकल्यावर पुढचा कधी, ते डॉक्टरांना. फोन त्याने तिथेच, दारात उभ्या उभ्या लावला.