शाकुहाची शिकायला निघालेल्या विद्यार्थिनीस

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

युरोपातील उन्हाळी संगीतशाळेत शाकुहाचीच्या, म्हणजे जपानी बांबूच्या बासरीच्या, वर्गाला तुझा प्रवेश निश्चित झाल्याचे कळले आणि फार आनंद झाला. तू लहानपणापासून बासरी वाजवतेस, त्यामुळे फुंकवाद्याला लागणारा दमसास आणि स्वराची जाण तुझ्यापाशी आहे. पण नेमक्या याच कारणाने काही अडचणी तुला इतर नवशिक्यांपेक्षा अधिक जाणवतील, म्हणून हे पत्र. माझे मुख्य सांगणे एवढेच आहे, की किती रचना पदरात पडल्या याचा हिशेब शाळेच्या दिवसांत ठेवू नकोस. सगळी भोके बंद केल्यावर निघणारा जो सर्वांत खालचा स्वर, ज्याला तिकडे ‘रो’ म्हणतात, तो नीट लागेल एवढे पाहा.

आधी वाद्याविषयी लिहितो. शाकुहाची मादाके जातीच्या बांबूच्या मुळाकडील भागापासून बनवतात आणि ती सनईसारखी समोर, उभी धरतात. प्रचलित लांबी जपानी मापाने एक शाकू आठ सुन, म्हणजे सुमारे 54.5 सेंटिमीटर. पुढे चार भोके आणि मागे अंगठ्यासाठी एक, अशी अवघी पाच भोके असतात. तुझ्या बासरीवर दोन्ही हातांची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी सहा बोटे कामाला असतात. इथे मधली बोटे भोकांवर नसतातच, ती आणि खालच्या हाताचा अंगठा वाद्य पेलून धरतात. भोकांवर फक्त तर्जनी, अनामिका आणि वरच्या हाताचा अंगठा. पहिले काही दिवस तुझे मधले बोट सवयीने भोक शोधत राहील आणि अनामिका नीट न बसल्यामुळे हवा गळेल. स्वर फुटला की प्रत्येक वेळी ओठांना दोष देऊ नकोस. आधी खालच्या हाताची अनामिका तपास.

खरा फरक मात्र फुंकरीत आहे. बासरीच्या फुंकभोकाची कड पक्की असते, तर शाकुहाचीचे वरचे तोंड पूर्ण उघडे असते. ते हनुवटी आणि खालचा ओठ यांनी झाकून घ्यायचे आणि समोर तिरकी कापलेली जी कड आहे, जिला ‘उतागुची’ म्हणतात, तिच्यावर श्वासाची बारीक धार सोडायची. पहिल्या दिवशी नुसता वारा ऐकू येईल. तेव्हा जोर वाढवण्याचा मोह होतो, आणि त्याने स्वर तर लागत नाहीच, वर चक्कर येते. चक्कर आली तर वाद्य खाली ठेव, पाणी पी, थोडे थांब. मग सगळी भोके उघडी ठेवून स्वर शोध. तो सापडला की वरून खाली एकेक बोट ठेवत ये आणि प्रत्येक बोटानंतर स्वर टिकतो का ते ऐक. मध्येच तो निसटला, तर एक बोट मागे जा. या मार्गाने ‘रो’पर्यंत पोहोचायला वेळ लागतो, पण जे हाती लागते ते पक्के असते.

उन्हाळी शाळांमधून पुष्कळदा सकाळची सुरुवात ‘रो-बुकी’ने होते: सगळ्यांनी मिळून तोच एक स्वर एका श्वासात, लांबच लांब धरायचा. खर्जाचा रियाज तुला नवा नाही, तेव्हा याचे मोल तुला समजावून सांगायला नको. तरीही सांगतो, की या तासाला कधीही उशिरा जाऊ नकोस. नव्या रचना नंतरही मिळतील. अनेक वर्षे वाजवणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून त्यांचा ‘रो’ कानांत भरून घेण्याची संधी पुन्हा केव्हा येईल ते सांगता येत नाही.

आता स्वरांविषयी. एक शाकू आठ सुन लांबीच्या वाद्याचा ‘रो’ म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी दोन. त्याला षड्ज मानून एकेक भोक उघडत गेलीस तर सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद असे स्वर मिळतील आणि तुझ्या कानाला लगेच धानी राग ऐकू येईल. पुढे ‘मेरी’ शिकवतील, म्हणजे हनुवटी खाली आणून आणि भोक अर्धवट झाकून स्वर उतरवणे. त्या उतरलेल्या स्वरांनी जुन्या रचनांत सा, कोमल रिषभ, मध्यम, पंचम, कोमल धैवत अशी जी चौकट उभी राहते, ती आपल्या गुणक्री रागाची वाटते. ही ओळख पटल्याचा आनंद जरूर घे, पण तिच्या आधाराने वाजवू मात्र नकोस. ‘मेरी’चा तो रिषभ पेटीच्या कोमल रिषभापेक्षाही किंचित खाली असतो आणि त्याचा आवाज मुद्दाम दबका, सावलीतला ठेवलेला असतो, आपल्या सवयीने तो ठसठशीत करायला गेलीस, तर रचनेचा जीवच जातो. उघडा स्वर आणि दबका स्वर यांतील हा फरक या संगीतात चालीइतकाच महत्त्वाचा आहे. एकच स्वर पुन्हा घ्यायचा असतो तेव्हा तिथे जीभ लावत नाहीत. एखाद्या भोकावर बोटाचा हलका ठोका देऊन दोन स्वर वेगळे करतात. स्वराचा कंपही मान हलवून आणतात, पोटातून नाही. जपानी वादकांत एक म्हण आहे, की मान हलवायला शिकण्यात तीन वर्षे जातात आणि ‘कोरो’ नावाची बोटांची हालचाल साधायला आठ. तेव्हा शाळेच्या मोजक्या दिवसांत ‘मेरी’ कच्ची राहिली, तर मनाला लावून घेऊ नकोस.

शाळेत वेगवेगळ्या परंपरांचे गुरू भेटतील. किन्को घराण्याचे नाव कुरोसावा किन्को (1710–1771) यांच्यावरून पडले. त्यांनी ठिकठिकाणच्या रचना गोळा केल्या आणि त्यांतून या घराण्याचा छत्तीस ‘होन्क्योकूं’चा, म्हणजे जुन्या एकल रचनांचा, संग्रह तयार झाला. तोझान घराणे नाकाओ तोझान यांनी 1896 मध्ये सुरू केले. दोन्हींची स्वरलिपी वेगळी, वळणेही वेगळी. कुतूहलापोटी सकाळी एका वर्गात आणि दुपारी दुसऱ्या वर्गात बसावेसे वाटेल, पण माझे मत स्पष्ट आहे: एकाच गुरूंपाशी बस. इतरांना मैफलीत ऐक, मनापासून ऐक, परंतु ओठ आणि बोटे एकाच्याच स्वाधीन कर.

या ‘होन्क्योकू’ रचना मुळात मैफलीसाठी नव्हत्या, हेही ध्यानात असू दे. फुके या झेन पंथाचे कोमुसो भिक्षू डोक्यावर विणलेली टोपली घालून, चेहरा पूर्ण झाकून गावोगाव फिरत आणि शाकुहाची फुंकणे हीच आपली साधना मानत. जपानच्या मेइजी सरकारने 1871 मध्ये तो पंथ बरखास्त केला, तरी रचना टिकल्या. बहुतेकींना ठेका नाही, आपल्या अर्थाने लयही नाही. एक श्वास म्हणजे एक ओळ, आणि दोन ओळींमधील शांतता हाही रचनेचाच भाग. तालात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती शांतता भरून काढावीशी वाटते. ती भरू नकोस. काताकाना या जपानी अक्षरांची स्वरलिपी वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचायची असते. ती जाण्यापूर्वीच घरी गिरवून ठेव, म्हणजे वर्गात डोळे कागदावर अडकणार नाहीत आणि कान गुरूंकडे राहतील.

वाद्य विकत घेण्याची घाई करू नकोस. चांगली बांबूची शाकुहाची महाग असते आणि नवशिक्याला तिची पारख नसते. आरंभाला प्लॅस्टिकची पुरेशी आहे. ती सुरात असते आणि तडकत नाही. पुढे बांबूची घेतलीस, तर लक्षात ठेव की कोरड्या हवेत बांबू आकसतो आणि चिरतो. पुण्याचा एप्रिल किंवा मुंबईतील वातानुकूलित खोली, दोन्ही तिला मानवणार नाहीत. वाजवून झाल्यावर आतून फडके फिरवायचे आणि वाद्य बंद पिशवीत ठेवायचे.

परतल्यावर काही आठवडे तरी बासरीचा आणि शाकुहाचीचा रियाज वेगवेगळ्या वेळी कर, कारण दोन्हींना ओठांची ठेवण वेगळी लागते आणि एकामागून एक वाजवल्यास दोन्ही बिघडतात. सकाळी आधी ‘रो’, मग दिवसाची इतर कामे, आणि बासरी संध्याकाळी. गुरूंची अनुमती असेल तर त्यांचा एक ‘रो’ ध्वनिमुद्रित करून आण आणि महिन्याभराने तुझा ‘रो’ त्याच्या शेजारी ठेवून मला दोन्ही ऐकव.

कळावे,
तुझा शुभचिंतक