नावं कुठल्या क्रमानं लिहायची?

मोकळी जागा : वाचकांचे प्रश्न, उद्यानरचनाकाराची उत्तरं

प्रश्न : ताई, कोरोनाच्या दोन लाटांत आमच्या गल्लीतली बरीच माणसं गेली. तालमीशेजारी पिंपळाचा जुना पार आहे, तिथं त्यांच्या नावांचा फलक लावायचं मंडळानं ठरवलंय. ग्रॅनाइटवाल्याला अॅडव्हान्सही दिला. पण नावांच्या क्रमावरून दोन बैठका मोडल्या. कुणी म्हणतं वयानं मोठे आधी, कुणी म्हणतं माजी नगरसेवक आधी, कुणी म्हणतं आडनावाप्रमाणं लावा. काय करावं?
— एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : बैठका मोडल्या याचं मला काही वाईट वाटत नाही. ज्या फलकावरून कुणी भांडत नाही, तो पुढं कुणी वाचतही नाही.

वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचं स्मारक आहे, 1982 सालचं. 58 हजारांवर नावं. आराखडा केला तेव्हा माया लिन ही 21 वर्षांची, कॉलेजात शिकणारी पोरगी होती. नावं आडनावाप्रमाणं लावायची नाहीत, ज्या क्रमानं माणसं गेली त्या क्रमानंच लावायची, हा तिचा हट्ट. त्यामुळं एकाच चकमकीत पडलेले मित्र भिंतीवरही शेजारी राहिले. हुद्दा कुणाच्याच नावापुढं नाही. दगड काळा, इतका घोटलेला की वाचणाऱ्याला नावांमागं स्वतःचा चेहरा दिसतो. तो दगड बंगळूरकडचा, म्हणजे आपल्याच हायवेच्या दुसऱ्या टोकाचा. न्यूयॉर्कला 2001 च्या हल्ल्यात गेलेल्यांचं स्मारक झालं, तिथं तर घरच्यांना विचारून घेतलं की आपल्या माणसाचं नाव कुणाच्या शेजारी हवं.

तुमच्यासाठी माझं मत सरळ आहे. घरांच्या क्रमानं लावा. तालमीपासून निघायचं, पोस्टमन फिरतो तसं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. एका घरातली दोघं गेली असतील तर ती आपोआप शेजारी येतील, आणि भिंतीला भिंत लावून राहिलेले शेजारीही. पद, पदवी, ‘माजी’ काही नको. टोपणनाव मात्र जरूर कोरा. आपल्याकडं निम्म्या माणसांची खरी नावं मयताच्या बातमीतच कळतात.

अक्षर खोल कोरायला सांगा, बोट फिरवलं की लागलं पाहिजे. आत सोनेरी रंग भरू नका, दोन पावसाळ्यांत उडतो आणि मग फलक महारोगी दिसतो. फलक डोक्याच्या उंचीवर भिंतीला ठोकू नका. पारावर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असा, पाराच्या मागच्या अंगाला आडवा बसवा. पाय लागेल अशा ठिकाणी तर अजिबात नको. देणगीदारांची नावं त्या दगडावर येता कामा नयेत. यावर पुन्हा बैठक मोडणार, मोडू दे. आणि पाराला टाइल लावायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो काढा. पिंपळाच्या बुंध्याभोवती निदान तीन फूट माती उघडी राहू दे.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. त्या दिवसांत कितीतरी घरांना शेवटचं तोंड बघता आलं नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला भावकी नाही, गल्ली नाही, पीपीई किट घातलेली अनोळखी पोरं सगळं उरकून गेली. गल्लीला सलतंय ते हे, आणि नुसत्या फलकानं ते जाणार नाही. फलकाच्या बाजूला दगडात एक दिवळी ठेवा. वर्षातला एक दिवस ठरवा, सगळ्यांनी एकत्र बसा, घराघरातून एकेक पणती येऊ दे. माईक, हार-तुरे, पाहुणे यांतलं काही नको.

प्रश्न : आमचं गाव पंचगंगेकाठी. 2005, 2019, 2021, तिन्ही पुरांत पाणी घरात आलं. माणसं वाचली, गोठे गेले. ग्रामपंचायतीशेजारच्या जागेत पूरस्मारक करायचं चाललंय. बोटीतून आजीला उचलणारा जवान असा फायबरचा पुतळा, कारंजं, लॉन आणि लाइटिंग असं कोटेशन आलंय. जुनी माणसं म्हणतात, पुराची आठवणच कशाला ठेवायची? तुमचं मत द्या.
— ग्रामपंचायत सदस्य, करवीर तालुका

उत्तर : फायबरचा जवान पुढच्या पुरात स्वतःच वाहून जाईल आणि त्याला काढायला खरा जवान बोलवावा लागेल. तो विषय तिथंच सोडा.

जुन्या माणसांना ‘आठवण ठेवायची का’ असं विचारू नका. पाणी कुठवर आलं होतं एवढंच विचारा. हाताला धरून भिंतीपाशी नेतील. ही 2005 ची रेघ, ही 2019 ची, इथं कपाटाचा वरचा कप्पा होता, इथपर्यंत भिजला. कुठली रेघ वर आणि कुठली खाली यावरून आपसात हुज्जत घालतील. पुतळा नको म्हणणारी हीच माणसं रेघेवर तास-तास बोलतात. तुमचं स्मारक त्या रेघांतून काढा.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे पाणीपातळीचे आकडे आपल्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतात. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, हायवे बंद पडला, सगळं टीव्हीवर बघून झालं. पण बंधाऱ्यावर 43 असतं तेव्हा तुमच्या गावात पाणी कुठं असतं? मारुतीच्या पायरीला, की शाळेच्या पटांगणात? ते गावाच्या तोंडी आहे, लिहून कुठंच नाही, आणि तोंडी जाणणारी पिढी चाललीय. म्हणून एकच मोठं काहीतरी उभं करण्यापेक्षा नदीकडून गावात येणाऱ्या वाटेवर काळ्या घडीव दगडाचे गुडघ्याएवढे खांब लावा. 39 ला पाणी टेकतं तिथं पहिला, 43 ला दुसरा, मग एकेका पुराचा एकेक, वर्ष कोरून. शेवटचा तुमच्या या जागेत. पोरं शाळेला जातायेता त्यावर बसतील, उड्या मारतील. मारू देत.

जपानमध्ये आनेयोशी नावाची एक लहान वस्ती आहे. 1933 च्या त्सुनामीनंतर तिथं डोंगरउतारावर दगड लावला : या दगडाच्या खाली घर बांधू नका. लोकांनी ऐकलं. 2011 ला त्सुनामी आली तेव्हा पाणी दगडाच्या खालीच थांबलं आणि वरची घरं राहिली. दगड साधाच, पण पोटापाण्याच्या कामाचा. आपल्याकडं भुजला 2001 च्या भूकंपाचं स्मृतिवन भुजिया डोंगरावर केलंय, 2022 मध्ये खुलं झालं. तिथं पावसाचं पाणी अडवणारे छोटे तलाव आहेत आणि त्यांच्या भिंतींवर गेलेल्यांची नावं. दुष्काळी मुलखानं स्मारकातून पाणी धरलं. आपण पुराच्या मुलखानं त्यातून पाण्याची खूण धरावी.

‘गोठे गेले’ ही तुमच्या पत्रातली दोन शब्दांची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटली. दावणीची म्हैस सोडायला वेळ मिळाला नाही, हे माणूस वर्षानुवर्षं बोलत नाही. बोललं तर लोक म्हणतात, जनावरच होतं की, नुकसानभरपाई मिळाली ना? दिवाळीच्या पाडव्याला म्हशीची शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं घालून मिरवणारी माणसं आपण! जागेत एक दगडी डोण ठेवा, नळाच्या पाण्यानं भरलेली. तिच्या कडेवर गेलेल्या जनावरांची नावं कोरा. गंगी, चंद्री, पाखऱ्या, जी असतील ती, मालकाच्या नावाशिवाय. बेंदराला बैल आधी तिथं पाणी प्यायला आणा. चारचौघांत जनावराचं नाव निघायला एवढं निमित्त पुरतं.

बाकी बांधकामाचं थोडक्यात. पेव्हर ब्लॉक नकोत, पुराच्या पाण्यात खालची वाळू निघून जाते आणि सगळं उसवतं. घडीव फरशी घाला, नदीच्या अंगाला हलका उतार ठेवा, म्हणजे पाणी ओसरल्यावर पाइप मारून गाळ एका दुपारी निघेल. लॉन गाळाखाली कुजतं. विजेचं जे काही असेल ते सगळ्यात वरच्या रेघेच्या वर. झाडं करंज, जांभूळ, अर्जुन, आणि नदीच्या अगदी कडेला वाळुंज. ही पाण्यात उभी राहणारी जात आहे. गुलमोहोराची मुळं उथळ, ओल्या जमिनीत आडवा होतो.

आणि बसायची जागा आखाल तेव्हा बायकांना विचारून आखा. पुरुषांना चावडी आहे, पार आहे, टपरी आहे. पूरग्रस्तांच्या छावणीत शेकड्यानं भाकरी थापणाऱ्या बायकांना गावात दोन घटका टेकायला कुठं जागा आहे ते सांगा मला.

प्रश्न : 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. मी त्या रंगमंचावर हौशी नाटकांतून कामं केली आहेत. आता नाट्यगृह पुन्हा ‘होतं तसं’ उभं राहावं असं सगळे म्हणतात. आगीची काही खूण ठेवावी की नको?
— निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

उत्तर : सर, ठेवावी. एकच, लहान, आणि हात लागेल अशी.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीचं चर्च नोव्हेंबर 1940 मध्ये बॉम्बहल्ल्यात जळालं. लोकांनी जुन्या भिंती छपराविना तशाच ठेवल्या आणि शेजारी नवं चर्च बांधलं, ते 1962 मध्ये झालं. छपराच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या पडलेल्या सापडल्या, त्या तशाच बांधून उभ्या केल्या. आपल्याला नाटक करायचंय, त्यामुळं अवशेष राखत बसणं परवडणारं नाही. रंगमंच हवा, पडदा हवा, पहिली घंटा हवी. पण कलाकार आत जातात त्या दाराशी एक जळका वासा किंवा तडकलेला दगड भिंतीत बसवावा. काचेची पेटी नको. रंगमंचावर जाताना आपण जमिनीला हात लावून कपाळाला लावतो, तसा नटांनी त्यालाही हात लावून पुढं जावं.

भीती मला आगीपेक्षा सुशोभीकरणाची जास्त वाटते. जालियनवाला बागेत जायचा तो अरुंद बोळ, ज्यातून डायरचे शिपाई आत आले, त्याच्या भिंती 2021 च्या नूतनीकरणात हसऱ्या माणसांच्या शिल्पांनी भरल्या. देशभर टीका झाली, रास्त होती. तो बोळ अरुंद आणि उघडा होता, म्हणूनच अंगावर यायचा.

प्रश्न : मी एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. मागं बंद जनरेटर आणि भंगार पडलेली मोकळी जागा आहे. डॉक्टर तिथं ‘हीलिंग गार्डन’ करायचं म्हणतात. खरंच फरक पडतो का, की फोटोपुरतं?
— सिस्टर, राजारामपुरी

उत्तर : फरक पडतो. 1984 मध्ये रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे आणि विटांची भिंत दिसणारे, अशी तुलना होती. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधं कमी लागली. म्हणजे पहिलं काम बागेचं नाही, खिडकीचं. कॉटवर आडव्या माणसाला काय दिसतं ते एकदा स्वतः आडवं होऊन बघा. पहिल्या मजल्यावरून दिसायचं तर झाड उंच हवं, कुंड्यांचा उपयोग नाही.

खाली मात्र पेशंटपेक्षा नातेवाइकांचा विचार करा. गगनबावड्याहून, भुदरगडातून आलेली माणसं जिन्यात चटई टाकून रात्र काढतात. त्यांना सावली, पिण्याच्या पाण्याचा नळ, डबा खायला कट्टा, टॉवेल वाळत घालायला एक तार आणि मोबाइल चार्जिंगची सोय द्या. एक बाक कोपऱ्यात, दाराकडं पाठ करून ठेवा. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकून आलेल्या माणसाला रडायला तोंड लपवावं लागू नये. सप्तपर्णी लावू नका, फुलली की वासानं डोकं धरतं. कारंजंही नको, चार महिन्यांत त्यात डास होतात. जनरेटर आधी भंगारात घाला.

प्रश्न : आईची रक्षा आम्ही नदीत न सोडता थोडी जपून ठेवली आहे. शेतात तिच्या नावानं झाड लावायचंय. कुठलं लावू? रक्षा थेट खड्ड्यात टाकली तर चालते का?
— एक वाचक, कागल

उत्तर : पंचगंगेच्या काठानं असे बदल आधीही स्वीकारले, स्मशानात लाकडाऐवजी शेणी आल्या, होळी लहान करून लोक शेणी दान करू लागले. तुम्ही चांगलं केलंत.

रक्षा मुळाशी एका जागी टाकू नका, ती खारी असते आणि रोपाची कोवळी मुळं जळतात. ओंजळभर घ्या, पाटीभर माती आणि तेवढ्याच कुजलेल्या शेणखतात मिसळा, ते खड्ड्याच्या वरच्या अंगाला पसरून टाका. उरलेली बांधाच्या कडेनं विखरा. झाड आईला आवडायचं ते. ठरत नसेल तर बकुळ लावा. सावकाश वाढते, पण फूल वाळलं तरी वास जात नाही. कलमाचं रोप मिळालं तर फुलं लवकर बघायला मिळतील. बांधाजवळून ट्रॅक्टर वळतो का ते आधी बघा आणि तिथून दहा फूट आत लावा. खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्या, रोप मृगात लावा, आणि पहिले दोन उन्हाळे पाण्याची पाळी कुणाची ते भावाभावांत आत्ताच ठरवून घ्या.