सभागृहातला लिलाव चालू असताना ऑनलाइन बोल्या कशा सांभाळायच्या?

'लॅपटॉपवर एक माणूस बसवला की भागेल का?' असं तुम्ही विचारलंय. भागेल, पण तो पुकारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बसला पाहिजे आणि आवाज खणखणीत हवा. मी हेच काम करतो. सुरुवातीला मला खांबामागे टेबल दिलं होतं, हात वर करकरून खांदा दुखला.

खरा घोळ होतो तो स्क्रीनवरच्या चित्रामुळे. थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. सभागृहात तीन वार होऊन हातोडा पडतो तेव्हा घरी बसलेला माणूस अजून 'दोन वार' ऐकत असतो. एकदा 18,000 ला हातोडा पडला आणि त्याच क्षणी माझ्या स्क्रीनवर 19,000 उमटले. मी ओरडलो, बोली पुन्हा उघडली. पुढच्या रांगेतले गृहस्थ पैसे भरायला उठलेसुद्धा होते. ते जे चिडले! त्यांचंही बरोबर होतं आणि ऑनलाइनवाल्याचंही. अशा वेळी काय करायचं हे आम्ही आधी जाहीरच केलं नव्हतं.

आता सुरुवातीलाच वाचून दाखवतो: हातोडा पडला की बोली संपली, दोन्हीकडून एकच आकडा आला तर सभागृहातली बोली धरणार, वाद झाला तर पुकारणाऱ्याचा शब्द शेवटचा. तुम्ही उलट नियम ठेवलात तरी चालेल, फक्त तो आधी सांगा आणि नोंदणीच्या अटींतही घाला. आणि हातोड्याआधी मी 'शेवटची संधी'चं बटण दाबतो, थांबतो, मग मोठ्याने 'ऑनलाइन नाही' म्हणतो. त्याशिवाय हातोडा पडत नाही. लिलाव थोडा रेंगाळतो, रेंगाळू दे.

सभागृहातली प्रत्येक बोलीही लगेच स्क्रीनवर चढवावी लागते, नाहीतर ऑनलाइनवाले शिळ्या आकड्यावर बोली लावत बसतात. कोणी मध्येच बोली वाढवायचा ठरलेला टप्पा सोडून भलताच आकडा पुकारला तर तो हाताने टाइप करायचा. घाईत 'सभागृह'ऐवजी 'ऑनलाइन' दाबलं जातं. लक्षात आलं की तिथल्या तिथे सांगून टाका.

काही ऑनलाइनवाले आपण जास्तीत जास्त किती देऊ ती कमाल रक्कम आधीच सॉफ्टवेअरमध्ये टाकून ठेवतात. मग सॉफ्टवेअर त्यांच्या वतीने समोरच्या बोलीच्या एक टप्पा वर जातं, एकदम कमाल रकमेवर नाही. ती रक्कम पुकारणाऱ्याला कळता कामा नये.

नोंदणी आणि अनामत आदल्या दिवशीच उरका. मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. नेट गेलं तर मी लिलाव थांबवायला लावतो. काही जण तसाच पुढे रेटतात, मला ते पटत नाही.