पॉडकास्टचं नंतर बघू, आधी तळमजला

पत्र चिपळूणहून आलं आहे. डॉक्टर ४६ वर्षांचे. बाजारपेठेजवळ तळमजल्यावर डोळ्यांचं स्वतःचं छोटं रुग्णालय. वर्षाची जमा ६२ लाख; कर्जाचे हप्ते सोडून बाकी खर्च जाऊन २४ लाख उरतात. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी त्यांना मराठीत पॉडकास्ट सुरू करायचा आहे. फी कशी ठरवावी, शिकवून तयार केलेली माणसं का टिकत नाहीत, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय घालावं का, असे विषय. वरच्या मजल्यावर स्टुडिओ, कॅमेरे आणि पहिल्या वर्षाचा एडिटर मिळून सात लाख. दुसऱ्या वर्षापासून औषध आणि लेन्स कंपन्यांकडून महिन्याला लाखभर येतील, असा त्यांचा अंदाज. प्रश्न एवढाच: आठ लाखांची एफडी मोडू, की चालू कर्जावर टॉप-अप, म्हणजे आणखी कर्ज, घेऊ?

डॉक्टर, दोन्ही नको. पॉडकास्टकडे मी येतो, पण तुमच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी वाचून माझी झोप गेली. तुम्ही लिहिता: २०२१ च्या पुरात २८ लाखांचं नुकसान झालं. रुग्णालयाची पॉलिसी होती, पण पूर वगळलेला होता, म्हणून काही मिळालं नाही. तेव्हापासून ती भरणं बंद केलं. आता बँकेतून घेतलेली वर्षाला तीन लाख हप्त्याची गॅरंटीवाली पॉलिसी आहे, त्यामुळे विम्याची चिंता नाही.

चिंता आहे. ती पॉलिसी तुमच्या आयुष्यावर आहे. वाशिष्ठी नदीचं पाणी पुन्हा आत आलं, तर मोतीबिंदू काढायच्या फेको मशीनसाठी तिच्यातून एक रुपया मिळणार नाही. २६ जुलै २००५ ला पाणी आलं, २२ जुलै २०२१ ला आलं, आणि तुम्ही आजही त्याच तळमजल्यावर आहात. फरक इतकाच, की आत आता ४५ लाखांची यंत्रं आहेत, डोक्यावर जुन्या पुराच्या कर्जाचे नऊ लाख बाकी आहेत आणि विमा शून्य आहे.

पैसे मिळाले नाहीत याचा राग मला कळतो. पण आगीच्या पॉलिसीतून पूर, वादळ काढून टाकले की हप्ता थोडा कमी होतो, आणि विकणारा हे कागदावर करतो, तोंडाने सांगत नाही. चिपळूणच्या तळमजल्याला पूर वगळून विमा विकणं हा अन्याय आहे, आणि तो तुमच्यावर झाला. पण चुकीची पॉलिसी सोडताना तुम्ही विमाच सोडून दिलात, ही चूक त्याहून महाग पडू शकते.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने लहान व्यवसायांसाठी एक ठरावीक पॉलिसी आणली आहे: भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. एका ठिकाणची इमारत, यंत्रं आणि माल मिळून पाच कोटींपर्यंत असेल तर ती चालते, आणि पूर तिच्यात धरलेला असतो. तुमच्यासारख्याचा हप्ता हजारांत असतो, लाखांत जात नाही. विमा रक्कम ठरवताना बॅलन्सशीटमधली घसारा वजा जाऊन उरलेली किंमत अजिबात घालू नका. ४५ लाखांची यंत्रं २० लाख दाखवलीत, तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते: १० लाखांच्या नुकसानीला साडेचारच्या आसपास हातात पडतील. मागच्या वेळी चार महिने रुग्णालय बंद होतं असं तुम्ही लिहिलंय. त्या काळात बुडणाऱ्या उत्पन्नाचा विमा वेगळा असतो, तोही विचारा. तळमजल्याला तो परवडेल अशा दरात मिळाला तर घ्याच.

आता ती गॅरंटी. दहा वर्षं तीन-तीन लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी ६० लाख. ‘पैसे दुप्पट’ हे तुम्हाला सांगितलं गेलं. किती वर्षांत, ते कोणी सांगितलं नाही. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा, सरासरी साडेपंधरा. म्हणजे परतावा साडेचार टक्के. त्याच बँकेला तुम्ही कर्जावर १२ टक्के देताय. एका खिशातून साडेचारने देऊन दुसऱ्या खिशाने बारा टक्क्यांनी घेताय, आणि हे तुम्हाला त्याच टेबलावर बसून विकलं गेलंय!

चार हप्ते गेले, १२ लाख. पाचवा भरू नका. बँकेत न जाता विमा कंपनीकडे दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मोडली, तर किती, आणि पेड-अप ठेवलं, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच चालू ठेवली, तर मुदतीअखेर किती. सरेंडरचे सहा लाखांच्या आसपास सांगतील. पेड-अपचे २४ लाख म्हणाले, तर सहाचे सोळा वर्षांत चौपट, म्हणजे नऊ टक्के, राहू द्या. १४-१५ लाख म्हणाले, तर सहा टक्केही धड नाहीत. सरेंडर करा आणि सगळे कर्जात टाका. कोणताही आकडा आला तरी वर्षाचे तीन लाख मोकळे होतात. त्यातून आधी रुग्णालयाचा विमा, मग दीड कोटींचा साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा), उरलेलं कर्जात.

एफडीला हात लावू नका. रुग्णालयाचा महिन्याचा खर्च तीन लाखांच्या वर आहे. आठ लाख म्हणजे अडीच महिने. मागचा बंद काळ चार महिन्यांचा होता.

पॉडकास्टची कल्पना मला मनापासून आवडली. दवाखाना कसा चालवायचा हे वैद्यकीय महाविद्यालयात कोणी शिकवत नाही, आणि खेड-गुहागरचा डॉक्टर ते मुंबईतल्या व्याख्यानातून शिकत नाही. पण महिन्याचे लाख विसरा. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००९ पासून औषध आणि आरोग्य उद्योगाकडून भेटी, प्रवास, रोख घेण्याला मनाई आहे. त्यांच्या उत्पादनाची जाहीर शिफारसही करता येत नाही. लेन्स कंपनी पैसे देईल ते तुमच्या तोंडून नाव यावं म्हणूनच. ती वाट तुमच्यासाठी बंद आहे असं धरा.

राहिला डॉक्टरांना फी घेऊन सल्ला देण्याचा मार्ग. तुमच्याकडे चष्म्याचं दुकान नाही असं पत्रावरून दिसतं, म्हणून जीएसटी नोंदणी नसणार. रुग्णसेवा करमुक्त आहे. पण धंद्याचा सल्ला करपात्र आहे, आणि नोंदणीसाठीची २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त जमाही धरली जाते. तुमचे ६२ लाख आहेतच. म्हणजे सल्ल्याचे पहिले दहा हजार घेतलेत तरी नोंदणी, १८ टक्के कर आणि विवरणपत्रं मागे लागतील. पहिलं बिल फाडण्याआधी सीएशी बोला.

तोवर तीस हजारांत भागवा. दोन चांगले माइक, फोन, आणि रविवारी रिकामी असलेली तुमची ओपीडी. जाड पडदे लावले की आवाजाचं घुमणं बरंच कमी होतं. दहा भाग करा, एडिटर न नेमता. पहिल्या भागात तुमच्या पुराची गोष्ट सांगा, पॉलिसीतलं वगळलेलं कलम वाचून दाखवा. कोकणातल्या नदीकाठच्या डॉक्टरांना याहून उपयोगी काही तुम्ही देऊ शकणार नाही. अकराव्या भागाची कोणी वाट बघतंय असं दिसलं, तर पुढच्या खर्चाचं बोलू.

विम्याचे कोटेशन मे संपायच्या आत दोन कंपन्यांकडून घ्या आणि सही करण्याआधी मला पाठवा. पूर आत आहे की नाही हे मी स्वतः वाचतो. सोबत प्रत्येक यंत्राचा नंबर, बिल आणि फोटो यांची यादी करा आणि एक प्रत चिपळूणबाहेर कोणाकडे तरी ठेवा. मागच्या वेळी बिलंही पाण्यात गेली, असं तुम्हीच लिहिलंय.