चित्र दर चार मिनिटांनी थिजत असेल तर कॅमेरा बदलू नका, क्वेरियर शोधा

तुमचा प्रश्न असा: राउटर नसलेल्या बंदिस्त नेटवर्कवर तीन एनडीआय (नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याची पद्धत) कॅमेरे ओबीएसमध्ये (थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) घेतले की लगेच दिसतात, चारेक मिनिटांनी एकेकाचं चित्र थिजतं, सोर्स काढून पुन्हा घातला की चालू होतं, आणि चारेक मिनिटांनी परत तेच. तुम्ही लिहिलेलं हे लक्षण आम्ही पुरेपूर भोगलंय. सोर्सच्या यादीत नावं येतायत, म्हणजे ओबीएसचं एनडीआय प्लगइन, त्याला लागणारं रनटाइम सॉफ्टवेअर आणि फायरवॉल जागेवर आहेत. त्यावर वेळ घालवत नाही.

आधी घड्याळ लावा. सोर्स उघडल्यापासून चित्र थिजेपर्यंतचा वेळ प्रत्येक वेळी साधारण २६० सेकंदांच्या आसपास येतो का, आणि ज्या क्रमाने कॅमेरे उघडले त्याच क्रमाने ते थिजतात का, एवढं बघा. दोन्ही उत्तरं हो असतील तर दोष बहुधा स्विचच्या आयजीएमपी स्नूपिंगचा आहे, म्हणजे कोणत्या पोर्टला कोणता प्रवाह हवा हे स्विचने ऐकून ठरवण्याच्या सोयीचा. वेळ कधी तीस सेकंद, कधी वीस मिनिटं अशी येत असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. तेव्हा केबल, पोर्टवरचा भार आणि नेटवर्क कार्डची वीजबचत तपासा.

२६० कुठून येतात? मल्टिकास्ट म्हणजे एकच प्रवाह एका गटातल्या अनेकांना पाठवणं. स्नूपिंग चालू असलेला स्विच तो फक्त मागणाऱ्या पोर्टलाच देतो. ओबीएसने सोर्स उघडला की संगणक 'मला हा गट हवा' असं सांगतो, आणि त्यानंतर कुणी विचारल्याशिवाय पुन्हा बोलत नाही. विचारण्याचं काम क्वेरियरचं: प्रमाणित मांडणीत दर १२५ सेकंदांनी 'अजून कुणाला हवंय?' अशी हाक. दोन हाकांचा वेळ आणि उत्तरासाठी १० सेकंद, म्हणजे १२५ × २ + १० = २६०. तेवढ्यात उत्तर आलं नाही की स्विच ती नोंद पुसतो आणि प्रवाह तोडतो. मोठ्या नेटवर्कमध्ये ही हाक राउटर देतो. तुमचं नेटवर्क बंदिस्त आहे, राउटरच नाही, मग विचारणार कोण? घरगुती राउटर जोडला तरी तो हे काम करेलच असं नाही.

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, कारण कॅमेरे पुरवणाऱ्यांच्या मदतकक्षाकडून फर्मवेअर बदला, केबल बदला, संगणक बदला, एवढीच उत्तरं येत राहिली. स्विचवर काय चालू आहे हे कुणी विचारलंच नाही. लक्षण इतकं ठरावीक वेळाचं असताना ते न विचारणं मला आजही अक्षम्य वाटतं.

माझं स्पष्ट मत: तीन कॅमेरे आणि एक-दोन घेणारे संगणक असतील तर मल्टिकास्ट लागतच नाही. एनडीआय मुळात युनिकास्टवरच (प्रत्येक घेणाऱ्याला वेगळा प्रवाह) चालतं. मल्टिकास्ट कुणीतरी मुद्दाम चालू केलेलं असतं. कॅमेऱ्याच्या वेबपानावर एनडीआयच्या सेटिंगमध्ये ते बंद करा आणि कॅमेरा रीस्टार्ट करा. पाठवणारा संगणक असेल तर त्याच संगणकावरच्या एनडीआय ॲक्सेस मॅनेजरमध्ये बंद करा. एचएक्सचा (एनडीआयचा जास्त दाबलेला प्रकार) एक प्रवाह साधारण ८ ते २० एमबीपीएस असतो, गिगाबिट पोर्टला तो काहीच नाही. पूर्ण एनडीआय मात्र १०८०पी६० ला सव्वाशे एमबीपीएसच्या आसपास जातं, तेव्हा एका पोर्टवर पाच-सहाच्या पुढे जाऊ नका.

एकच कॅमेरा बऱ्याच जागी बघायचा असेल आणि मल्टिकास्ट ठेवायचंच असेल, तर एका स्विचवर क्वेरियर चालू करा. त्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळा केलेला नेटवर्कचा भाग) स्विचला खरा आयपी पत्ता द्या; ०.०.०.० वरून आलेली हाक काही उपकरणं मानत नाहीत. आयजीएमपीची आवृत्ती सगळ्या स्विचवर एकच ठेवा. बऱ्याच स्वस्त 'स्मार्ट' स्विचमध्ये स्नूपिंग असतं पण क्वेरियर नसतो, हे विकत घेण्याआधी माहितीपत्रकात बघा. खात्रीसाठी वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) फक्त आयजीएमपी पॅकेट गाळून पाहा: दोन-सव्वादोन मिनिटांत २२४.०.०.१ कडे जाणारी एक क्वेरी दिसलीच पाहिजे.

'स्नूपिंगच बंद करा' हा सल्ला सर्रास मिळतो. मी तो देणार नाही. मग प्रत्येक प्रवाह प्रत्येक पोर्टवर ओतला जातो, १०० एमबीपीएसची जुनी उपकरणं गुदमरतात, आणि स्विचला वायफाय ॲक्सेस पॉइंट जोडलेला असेल तर वायफाय झोपतं.

एक सावधगिरी. हे तुमच्या स्वतःच्या बंदिस्त स्विचपुरतं आहे. कार्यालयाच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर विचारल्याशिवाय क्वेरियर लावू नका. दोन क्वेरियर असले की सर्वांत लहान आयपी पत्त्याचा जिंकतो, आणि तुमचा स्विच नकळत सगळ्यांचा क्वेरियर होऊन बसेल.

आरटीएसपी (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवरून घेण्याची दुसरी पद्धत) तुम्ही राखीव म्हणून ठेवताय ते चांगलंच आहे. ओबीएसच्या मीडिया सोर्समध्ये 'लोकल फाइल'ची खूण काढा आणि एफएफएमपेग पर्यायांत ट्रान्सपोर्ट टीसीपी करा, नाहीतर पॅकेट हरवली की चित्रावर राखाडी फराटे येतात. पासवर्डमध्ये ॲट चिन्ह असेल तर त्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि ४० लिहा. पुढे एसआरटीकडे (इंटरनेटवरूनही व्हिडिओ पाठवण्याची पद्धत) वळलात तर लक्षात ठेवा: ओबीएसच्या पत्त्यात लेटन्सी (मुद्दाम ठेवलेला उशीर) मायक्रोसेकंदांत लिहायची असते, व्हीमिक्स या दुसऱ्या प्रक्षेपण सॉफ्टवेअरमध्ये मिलिसेकंदांत. १२० मिलिसेकंद हवे असतील तर ओबीएसमध्ये १२०००० लिहावे लागतात. आणि प्रवाह बाहेरून घेताना राउटरवर पोर्ट उघडायचा तो यूडीपीचा, टीसीपीचा नव्हे.

स्विचवर बदल केल्यावर 'अप्लाय' करून थांबू नका. बऱ्याच स्विचमध्ये 'सेव्ह' वेगळं असतं, आणि ते राहिलं तर वीज जाऊन आली की क्वेरियर पुन्हा बंद.